अंग मोकळे कशाने होते?

घोड्याला हासळीचे हाड नसते. आपला हात हासळीच्या आधाराने छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. घोड्याचे पुढचे पाय आणि धड यांच्यात मात्र हाडाचा एकही सांधा नाही. खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूने पंख्यासारखे पसरलेले स्नायू बरगड्यांना धरतात आणि त्यांच्या झोळीत घोड्याची छाती टांगलेली राहते. ५०० किलोचा घोडा नुसता उभा असला तरी त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो, म्हणजे जवळजवळ ३०० किलो. चौखूर धावताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर त्याच्या सगळ्या वजनाच्या अडीचपटीपर्यंत भार येतो. कुत्र्याचीही हीच तऱ्हा. त्याच्या हासळीचा नुसता अवशेष मानेच्या स्नायूंत अडकून राहिला आहे. हाडांनी अंगाबाहेर टाकलेले काम या दोन्ही प्राण्यांत स्नायू करतात, आणि म्हणून त्यांच्या लवचीकपणाचा विचार ताकदीला वगळून करताच येत नाही. घोडेस्वारीत, कुत्र्यांच्या शर्यतींत, इतकेच काय रोजच्या व्यायामातही लवचीक म्हणजे भरपूर वाकणारा, अशी आपली समजूत असते. वाकणे त्यात आहेच, पण ते दुय्यम. अंगावर आलेला भार न अडखळता झेलायचा आणि तितक्याच सहज परत द्यायचा, ही खरी गोष्ट आहे. ओढून ताणून ती येत नाही. बळ कमावून, तेही फार सावकाश कमावून येते.

मराठीत याला नेमका शब्द आहे. पहाटे तालमीत उतरलेला पैलवान ‘अंग मोकळे’ करतो, आणि आजारातून उठलेल्या माणसाचे ‘अंग आखडलेले’ असते. जर्मन अश्वविद्येतही घोड्याच्या तालमीची जी सहा पायऱ्यांची शिडी आहे, तिच्या दुसऱ्या पायरीच्या नावाचा अर्थ सरळ ‘सोडून दिलेपण’, मोकळेपण असा होतो. पहिली पायरी लयीची. घोड्याला एकवटून, मागचा भाग खाली घेऊन, जागच्या जागी नाचवणे ही अगदी शेवटची. ज्याची पावले तालात पडत नाहीत त्याचे अंग मोकळे नाही, आणि ज्याचे अंग मोकळे नाही त्याच्याकडून पुढचे काही मागू नये, असा हा क्रम. गुस्ताव्ह स्टाइनब्रेख्ट यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ग्रंथाच्या नावातच घोड्याची व्यायामशाळा आहे, आणि त्याच्या दीडशेक वर्षे आधी द ला गेरिनिएर या फ्रेंच अश्वशिक्षकाने घोड्याचे खांदे सैल करण्यासाठी त्याला तिरके चालवण्याची जी रीत बसवली, ती आजही जगभर शिकवतात. त्या रीतीत कुठेही पाय ओढणे नाही. घोडा चालतच असतो. फक्त असा चालतो की त्याच्या आतल्या मागच्या पायाला पोटाखाली शिरून जास्त भार घ्यावा लागतो. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा या चौघांनी ड्रेसाजचे, म्हणजे याच तालमीवर उभ्या असलेल्या अश्वक्रीडाप्रकाराचे, सांघिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा अश्वक्रीडेतले सुवर्ण भारताकडे ४१ वर्षांनी आले. वर्तमानपत्रांनी त्याला घोड्यांचा नाच म्हटले. पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण परीक्षक त्या नाचात याच मोकळेपणाला गुण देत असतात.

आता हे मोकळेपण प्रत्येक प्राण्यात वेगळ्या ठिकाणी असते, आणि इथे घोटाळा फार होतो. मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात, भरधाव सुटला की त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. प्रत्येक झेपेत तो दोनदा हवेत असतो: एकदा चारही पाय पोटाखाली गोळा करून आणि एकदा चारही पाय लांब फाकवून. घोडा एका झेपेत एकदाच हवेत असतो, आणि तोही पाय गोळा केलेले असताना. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली तेव्हा हे डोळ्यांना दिसले; त्याआधी मोठमोठे चित्रकार शर्यतीचा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडताना रंगवत आले होते. थोडक्यात, घोड्याच्या अंगावर ते कुत्र्याची धाव चढवत होते. घोड्याचा पाठकणा तुलनेने ताठ असतो. वरखाली होणारी त्याची मोठी हालचाल कंबर आणि माकडहाडाच्या वरचा भाग जिथे जुळतात त्या एका सांध्यात होते; बाजूला तो थोडा वळतो, तेही मुख्यतः बरगड्यांच्या मधल्या भागात. वर्तुळावर चालणारा घोडा शेपटीपासून कानापर्यंत सारखा वळलेला दिसतो खरा, पण त्यातला बराचसा भाग मानेचा आणि छातीच्या त्या झोळीचा असतो. या ताठपणाचा त्याला उपयोगच होतो. माणसाचे ओझे तो कुत्र्यापेक्षा बरे वाहतो, आणि लांब पल्ल्याला कण्याच्या हालचालीवर ताकद उधळत नाही. म्हणून घोड्याची मान ओढून त्याची हनुवटी छातीला टेकवली म्हणजे तो लवचीक झाला, हे मानणे त्याच्या हाडांच्याच विरुद्ध जाते. अशा जबरदस्तीच्या वाकवण्याला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० साली अमान्य ठरवले. त्यावरचा वाद मात्र अजून शमलेला नाही, कारण जबरदस्ती कुठे सुरू होते हे लगाम धरणाऱ्यालाच आधी कळते आणि तोच ते सर्वांत उशिरा कबूल करतो.

ताणण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील की व्यायामाआधी हातपाय ताणले की बरे वाटते, आणि प्राण्यांनाही ते आवडते. झोपेतून उठलेला कुत्रा पुढचे पाय लांब करून कमान घेतोच की. खरे आहे. पण तो आपल्या स्नायूंनी स्वतः ताणतो. त्याचा पाय दुसरा कोणी ओढत नसतो. हा फरक किरकोळ नाही, आणि तो मोजूनही पाहिलेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ आठवडे घोड्यांचे पाय माणसांनी धरून ताणले. दुडकीतल्या पावलाची लांबी त्याने वाढली नाही. आठवड्यातून सहा दिवस ताणलेल्या घोड्यांच्या काही सांध्यांची हालचाल तर कमीच झाली. याच्या शेजारी २०११ सालचा दुसरा अभ्यास ठेवा. त्यात आठ घोड्यांना गाजराच्या आमिषाने मान खाली पायांमध्ये, बाजूला बरगडीकडे, मागे मांडीच्या दिशेने न्यायला लावले आणि तिथे काही क्षण थांबवले. आठवड्याचे पाच दिवस, तीन महिने. कण्याला चिकटून असलेला आणि मणक्यांना एकमेकांवर स्थिर ठेवणारा खोलवरचा स्नायू या काळात जाड झाला, आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फरकही घटला. दोन्हींत घोडे ताणलेच गेले होते, पण दुसऱ्या प्रकारात घोड्याला स्वतःचा तोल सांभाळावा लागला, आणि गाजराकडे वळलेले तोंड तिथेच धरून ठेवण्यासाठी पाठीचे आणि पोटाचे स्नायू कामाला लागले. माणसांवरच्या चाचण्यांचाही कल असाच आहे: धावण्याआधी नुसते ताणून उभे राहिल्याने नंतरचे अंगदुखणे लक्षणीय घटत नाही, हळूहळू वेग वाढवत अंग तापवण्याचा मात्र उपयोग होतो. कोमट स्नायू लवकर आकसतो, लवकर सैल होतो आणि त्याला रक्तही भरपूर मिळते. त्यामुळे कामाआधीची पहिली पंधरावीस मिनिटे साध्या चालीत काढणारा चाबूकस्वार वेळ दवडत नसतो. गाजराची कसरतही कामानंतर, अंग गरम असताना करणे बरे.

याहून अवघड प्रश्न काळाचा आहे. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत असते तर तालमीतली निम्मी दुखापत टळली असती. घोड्याचा दमसास विलक्षण लवकर वाढतो, कारण तो मुळातच दमाचा प्राणी आहे. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. पळायला लागताच ती आकसते आणि साठा रक्तात सोडते, त्यामुळे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासून ६० च्याही वर जाते. विश्रांतीत मिनिटाला ३०-४० ठोके देणारे हृदय पूर्ण वेगात २२० च्या पुढे जाते. काही आठवडे नियमित फिरवलेला घोडा चढ चढून आल्यावर फुरफुरत नाही, आणि मालकाला वाटते, तयार झाला. स्नायूंना मात्र अजून काही महिने हवे असतात, आणि कंडरा व हाडे त्यांच्याही मागे असतात. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच; तिथे लांब कंडरा आहेत, ज्या प्रत्येक पावलाला रबरासारख्या ताणल्या जातात आणि परत येताना ती शक्ती पायाला देतात. याच स्प्रिंगमुळे त्याची धाव इतकी काटकसरीची होते. पण प्रत्येक ताणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन उरते, आणि कंडरेत रक्त कमी असल्यामुळे ती लवकर निघून जात नाही. चौखूर धावणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत मोजले गेले आहे. कंडरा फाटली की ती भरते, पण भरते ती ताठर व्रणाने. वर्षभर विश्रांती आणि हळूहळू चालवणे, आणि तरी त्याच जागी पुन्हा दुखापत होण्याची भीती. म्हणून सर्वांत धोक्याचा घोडा म्हणजे ज्याची छाती तयार झाली आहे आणि पाय अजून झालेले नाहीत. त्याला पळवत ठेवायला काहीच अडचण येत नाही, हीच अडचण.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य वाटते: रानातल्या घोड्याला, रस्त्यावरच्या कुत्र्याला कोण तालीम देतो? बिबट्या दिसला की हरीण अंग तापवत बसत नाही. पण मोकळा सोडलेला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास मान खाली घालून चरतो आणि चरता चरता मैलोन्मैल चालतो. म्हणजे त्याचे अंग दिवसभर हलके तापलेलेच असते, आणि मान खाली घेतल्याने पाठही सैल राहते. पागेत बांधलेला घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास उभा असतो, आणि उरलेल्या तासात पाठीवर माणूस घेऊन त्याच्याकडून सगळे मागितले जाते. निसर्गाने त्याला तालमीतून सूट दिलेली नाही, तालीम दिवसभर वाटून दिली आहे. पिलांच्या बाबतीतही हेच दिसते. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिलांवर झालेल्या पाहणीत, तीन महिन्यांची होईपर्यंत जिन्यावर चढउतार करणाऱ्या पिलांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हुंदडणाऱ्यांमध्ये कमी. दोन्ही प्रकारात पिलू हालचालच करत होते. जिना मात्र एकाच आखीव हालचालीची पुनरावृत्ती करवतो, आणि शेताचा बांध प्रत्येक पावलाला वेगळा प्रश्न घालतो. सदनिकेत वाढलेल्या पिलाला तिसऱ्या मजल्यावर रोज चालवत नेण्यापेक्षा पहिले काही महिने उचलून न्यावे, असाच याचा अर्थ.

कुत्र्याच्या तंदुरुस्तीचा दुसरा, आणि बहुतेक घरांत पहिला, भाग म्हणजे वजन. त्याबाबतीत आपण फार मऊ असतो. पोळीला तूप लावून घालणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिलांच्या जोड्या लावून त्यांतल्या अर्ध्यांना आयुष्यभर दुसऱ्या अर्ध्यांपेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले गेले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणारे सरासरी १३ वर्षे जगले, भरपेट खाणारे ११.२ वर्षे, आणि सांधेदुखीवर औषधोपचाराची गरज पहिल्या गटाला कितीतरी उशिरा पडली. ज्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागत नाहीत त्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवणे म्हणजे त्याच्या गुडघ्यांशी वैर आहे. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेतला तर कुत्रा आणि घोडा यांना एकाच वेळी फिरायला नेऊ नये, हेही सांगायला हवे. घोडा घामाने थंड होतो आणि घामाबरोबर आपल्यापेक्षा जास्त मीठ घालवतो, म्हणून त्याला पाण्याइतकीच मिठाची गरज असते. कुत्र्याला धापेशिवाय दुसरा मोठा उपाय नाही, आणि एप्रिलच्या दमट संध्याकाळी धाप पुरत नाही.

राहिला स्वार. ‘तो तर नुसता बसतो’ असे म्हणणाऱ्याने दुडकीत रिकिबीवाचून बसून पाहावे. घोड्याची पाठ प्रत्येक पावलाला वर येते आणि खाली जाते, डावीकडे आणि उजवीकडे कलते. जो स्वार स्थिर दिसतो त्याची कंबर घोड्याच्या पाठीइतकीच हलत असते; ती हलते म्हणून त्याचे खांदे आणि हात शांत राहतात. मराठीत आपण पक्क्या बैठकीला ‘मांड’ म्हणतो, आणि शब्दामुळे असे वाटते की मांड्यांनी घट्ट आवळून धरणे हीच कला. आवळलेला स्वार घोड्याच्या पाठीवर आदळतो. दुडकीत बसून राहणाऱ्या स्वाराचा भार काही क्षणांना त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. तो झेलायला त्याची स्वतःची पाठ, पोट आणि खुबे तयार नसतील तर ते काम घोड्याच्या पाठीवर पडते, आणि तोल सावरायला स्वार लगामाला लोंबतो. मग घोडा पाठ आखडतो, पावले आखूड टाकतो, आणि दोष घोड्याच्या माथी येतो. एका बाजूला अधिक बसणाऱ्या स्वाराचा घोडा कालांतराने एका बाजूला सहज वळतो आणि दुसरीकडे अडतो. घोड्याच्या तालमीवर हजारो रुपये घालणारा माणूस दिवसाचे आठ तास खुर्चीत बसून खुब्याचे स्नायू आखडून घेतो आणि तेच आखडलेले खुबे संध्याकाळी खोगिरावर ठेवतो, हे जरा विचित्रच आहे.

वजनाचा प्रश्नही इथलाच, आणि तो नाजूक असल्यामुळे टाळला जातो. अमेरिकेतल्या ओहायोत २००८ साली आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे ठेवून त्यांना पळवले गेले. वीस टक्क्यांपर्यंत फारसे बिघडले नाही. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके चढले, आणि ३० टक्क्यांनंतर पाठीचे स्नायू दुखू लागले. हा हिशोब खोगिरासकट आहे. माथेरानला मोटारी दस्तुरीपाशी थांबतात आणि पुढची चढण बरेच पर्यटक घोड्यावरून करतात. ३०० किलोचे तट्टू धरले तर त्याच्या पाठीवर खोगिरासह ६० किलो बसतात. ऐंशी किलोच्या पाहुण्याने हे गणित करावे, आणि घोडेवाल्यानेही; त्याचे पोट त्याच पाठीवर आहे. यावर कोणी म्हणेल की भीमथडीच्या लहान चणीच्या तट्टांनी मराठी फौजा मुलखाच्या मुलूख पार नेल्या, ते काय टक्केवारी मोजत होते? मोजत नसतील, पण ती फौज हलक्या सामानाची म्हणूनच ओळखली जात होती, आणि शिलेदाराचा घोडा त्याच्या मालकीचा असल्यामुळे तो थकवणे म्हणजे स्वतःचे भांडवल बुडवणे होते.

स्वाराने घोड्याबाहेर तयारी करावी ही कल्पना काही नवी नाही. रोमन सैन्यात नवशिके आधी लाकडी घोड्यावर चढायला-उतरायला शिकत असत, असे रोमन लेखक वेजेशियस नोंदवतो. जिम्नॅस्टिक्समधला हाताच्या कड्या बसवलेला ‘घोडा’ त्याच लाकडी घोड्याचा वंशज आहे, फक्त त्याचे डोके आणि शेपूट काळाच्या ओघात गळून पडले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले ते कुस्तीसाठी. पण खांबावरची कसरत जे मागते तेच खोगीरही मागते: मांड्या घट्ट असाव्यात आणि कंबर सैल, आणि दोन्ही एकाच क्षणी. मल्लखांबपटू खांबाला धरतो तेव्हा त्याचे शरीर लाकडासारखे ताठ नसते. जिथे पकड हवी तेवढ्याच जागी बळ असते आणि बाकीचे अंग वळायला मोकळे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वाराला लगाम आणि रिकीब दोन्ही देत नाहीत. लांब दोरीवर कोणीतरी घोडा गोल फिरवत असतो, आणि मुलगा हात मोकळे सोडून नुसता बसायला शिकतो, दिवसेंदिवस, महिनोन्महिने. त्या काळात त्याच्या खाली असतो तो बहुधा एखादा वयस्कर, पूर्ण तयार झालेला पांढरा घोडा, आणि त्या दोघांत शिक्षक कोण हे तिथे कोणी विचारत नाही.